धवल्यातलं नाव

हरेशचं नाव मी धवल्यात पयल्यांदा घेतलं ते मस्करीत. कामोठ्याला एक लगीन होतं. नवरा आंघोळीला गेला तो बाहेर यायचं नाव घेईना. बेंजोवाले कंटाळले, बाया कंटाळल्या, हळदीची वाटी सुकायला लागली नि पाट रिकामा. तेवढ्यात खुर्च्या लावून घामाघूम झालेला हरेश आला नि सरळ पाटावर बसला. दमला होता, बसायला जागा दिसली, बसला. झालं. सगळा मांडव हसायला लागला.

"गंगाबाय, घ्या आता याचंच नाव!" कुणीतरी वरडलं.

नि मी घेतलं.

आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव घालायचा, तेल चढवायचं, हळद लावायची, ते सगळं ती गाऊन करते. त्या गाण्यांना धवले बोलतात. जो पाटावर बसलाय त्याचं नाव, त्याच्या आयसचं, बापसाचं, मामाचं नाव त्यात घालायचं. माझ्या सासूनं मला हे शिकवलं तेवा बाकी सगळं सैल सोडलं, पण एक गोष्ट मनगट धरून सांगितली. ज्याचं लगीन नाय त्याचं नाव धवल्यात आणायचं नाय. नाव घेतलंस मंजे देवासमोर त्याचं लगीन लावायला बसलीस. तीस वर्षं मी ते पाळलं. त्या दिवशी नाय पाळलं, कारण लोक हसत होते नि मला लोकांना हसवायला आवडतं.

"मांडवाच्या दारी कोण उभा गो, वेणूचा हरेश नवरा उभा गो." एवढंच गायले. लोक हसून लोळले. मोबाईल वर झाले. हरेश नाय हसला. त्यानं मान खाली घातली, नवरा घालतो तशी, नि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

ते मी बघितलं होतं. आंधळी नव्हते.

हरेश मंजे वेणूचा थोरला. वेणूचा नवरा काशिराम माझा चुलत भाऊ, तो वारला त्याला बरीच वर्षं झाली. मी गावातच दिलेली, माहेर-सासर दोन्ही कोन गावात, म्हणून हरेशची आत्या मी घराला घर लागून. जन्मला तेवा लवकर रडला नाय. दोन वर्षांचा झाला तरी बसायचा नाय, चालला पाच वर्षांचा झाल्यावर. शाळेत दुसरीपर्यंत बसवला, मंग मास्तरनंच घरी पाठवला. पण अंगानं दणकट. त्याचा धाकटा भाऊ भरत, त्यानं मंडप डेकोरेशनचा धंदा काढला, तेवा खुर्च्या लावायचं काम हरेशकडं आलं. पाचशे खुर्च्या असूद्या, दोरी न लावता अशी रांग मारायचा की भिंत बांधल्यासारखी. एक खुर्ची कुणी सरकवली की जाऊन परत नीट करायचा. बसलेल्या माणसासकट.

त्यामुळं सीझनला जेवढी लग्नं मी करायचे तेवढ्या लग्नांना हरेश. आधी काय, मंग काय, हे त्याला भटजीपेक्षा जास्त ठाऊक. नि कामोठ्याचं ते झाल्यापासून जिथं जाईन तिथं लोक बोलायचे, "हरेशचं होऊ द्या गो एकदा!" मी शेवटी एक ओळ त्याच्या नावाची टाकायचे. तो जिथं असंल तिथं, हातातली खुर्ची खाली ठेवून, मान खाली घालून उभा रायचा.

मंग घरी येताना टेम्पोत माझ्या शेजारी बसून इचारायचा, "आत्या, माझी हळद कदी?"

"पुढच्या सीझनला रे."

"नक्की?"

"नक्की. नवरी उंच पायजे का बुटकी?"

"जेवण करणारी."

टेम्पोतली सगळी पोरं खिंकाळायची. मी पण. सहा वर्षं हे चाललं. खोटं बोलतेय असं कदी वाटलं नाय. लहान पोराला चंद्र देते बोलतात, तसं वाटायचं. पण तो लहान नव्हता. बत्तीस वर्षांचा बाप्या होता नि दर सीझनला तो वाट बघत होता.

मंग भरतचं जमलं. पोरगी उरणची, माधुरी, चांगली शिकलेली, बंदरावरच्या कुठल्या हापिसात कामाला. घरासमोर मांडवाचे बांबू पडले नि हरेशचं सगळं वागणंच बदललं. सकाळी उठून दाढी करायला लागला. कापून घ्यायचा, पण करायचा. मांडवाच्या खांबांना हात लावून फिरायचा. आमच्यात थोरल्याचं आधी होतं, हे त्यानं शंभर घरांत बघितलेलं. त्याच्या दारात मांडव पडला मंजे कुणाचा असणार?

वेणूला ते कळलं. आयसच ती. दुपारी भांडी घासता घासता मला बोलली, "गंगे, हा भलतंच धरून बसलाय गो. सांगू काय त्याला?"

"काय सांगणार?"

"का तुझं नाय, भरतचं हाय."

"कशाला रडवतेस आताच? त्याला पण बसव पाटावर, दोन बोटं हळद लाव. खूश होईल. चार दिवसांनी इसरंल."

"इसरंल का?"

"त्याला काल काय जेवला ते आठवत नाय, वेणू."

हे मी बोलले. त्याच्याच आयसला. नि वेणूनं माझं ऐकलं, कारण लग्नाच्या गोष्टीत गावात माझं ऐकतात.

हळदीच्या संध्याकाळी पयला हरेशला पाटावर बसवला. लोकांना वाटलं गंमत हाय. बायांनी हसत हसत त्याला हळद फासली, तोंडाला, मानेला, दंडाला. तो डोळे मिटून बसला होता. मी गायले. आणि एका ओळीवर नाय थांबले, लोकांनी सोडलं नाय, अख्खा हळदीचा धवला गायले त्याच्या नावानं. काशिरामचं नाव घेतलं, मामाचं घेतलं. वेणूनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसते.

मंग त्याला उठवून भरतला बसवला. हरेश बाजूला उभा रायला, चक्रावल्यासारखा. पण हळद त्याच्या अंगाला होती, त्यामुळं गप रायला.

लगीन उरणला, हॉलवर. सकाळी बस निघायची. भरत मला येऊन बोलला, "आत्या, हरेश नको. तिथं नवऱ्याच्या खुर्चीत बसला तर? माझी इज्जत काय रायंल? शेजारच्या म्हातारीला सांगितलंय, ती बघंल."

"तो कसा रायंल रे?"

"कडी लावून रायंल."

मी बसमधी पुढची सीट धरून बसले, धवलारणीला पुढची सीट असते. बस सुटली नि मागून कोण तरी पोरगा वरडला, "अरे, हरेश बघ!" म्हातारीनं कडी नीट घातली नव्हती. तो धावत येत होता. नवीन शर्ट, अंगावर हळद, नि कपाळाला मुंडावळ्या. कुठून आणल्या, कुणास ठाऊक. आपल्याच हातानं बांधल्या असणार, एक सर कानावर लोंबत होती. बसमधी हसू फुटलं. डायव्हरनं आरशात बघितलं नि भरत बोलला, "थांबू नको." एक्स्प्रेस वेच्या पुलापर्यंत तो धावला. तिथून एका रिक्षावाल्यानं त्याला धरून घरी आणून सोडला, असं मंग कळलं.

त्या दिवसापासून हरेश गेला. मंजे घरातच होता, पण गेला.

हळद धुवू देईना. वेणू ओल्या फडक्यानं पुसायला गेली की तिचा हात धरून ठेवायचा. दहा दिवस हळद अंगावर वाळून, भेगा पडून गळली. जेवण ताटात तसंच. मांडव सुटला, टेम्पोत खुर्च्या चढल्या, हाका मारल्या, तो उठला नाय. भरत-माधुरीच्या खोलीच्या दारासमोर बसून रायचा, पाय पसरून. नि मंग मनगट चावायला लागला. स्वतःचं. रक्त येईपर्यंत.

गावाची जीभ तुमाला माहीत हाय. "त्याला बाईची हवा लागली," बोलले. "घरात नवी सून, नि हा दारात बसतो, काय समजायचं?" "वयात आलेला रेडा हाय तो, बांधून ठेवा." हे माधुरीच्या कानावर गेलं. तिचा काय दोष? नवीन घर, दारात एवढा मोठा बाप्या मनगटातनं रक्त काढत बसलेला. ती घाबरली. न्हाणीत जायचं तरी वेणूला हाक मारायची. एकदा ती त्याला ओलांडून जायला लागली नि त्यानं तिच्या साडीचा काठ धरला. काय केलं नाय, नुसता धरला. ती किंचाळली. भरतनं त्याला पट्ट्यानं मारला.

कामोठ्याच्या एका डॉक्टरकडं नेला. त्यानं हरेशकडं बघितलं पण नाय. भरतला बोलला, "यांच्यात हे होतंच. वय वाढलं की वाढतं. गोळ्या देतो, शांत राहील." शांत म्हणाल तर शांतच झाला. तोंडातून लाळ, मान कलती, नि चड्डी ओली. मनगट चावणं तेवढं रायलं. खोलीला बाहेरनं कडी.

वेणू एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसली. तिच्या हातात त्याची ओली चड्डी होती, तशीच घेऊन आली होती. मंग मी उठले.

पनवेलच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी डोक्याचे डॉक्टर बसतात, हे मला माझ्या गोरखनं सांगितलं. गोरख माझा पोरगा, रिक्षा चालवतो, त्याला सगळी माहिती. त्याच्याच रिक्षातनं आमी हरेशला नेला, एका बाजूला मी, एका बाजूला वेणू. डॉक्टरीण होती, हेतल नावाची, पोरगीच, तिशीच्या आतली. मला वाटलं, हिला काय कळणार.

मी बोलायला तोंड उघडलं, "म्याडम, याला ना..."

"आजी, एक मिनिट. आधी त्याला बोलू दे."

"तो बोलत नाय ओ."

"मी थांबते की."

नि ती थांबली. बाहेर एवढी लाईन, नि ती पेन खाली ठेवून बसली. मंग तिनं कागदावर चार तोंडं काढली. हसरं, रागावलेलं, घाबरलेलं, रडकं. कागद त्याच्यासमोर सरकवला. "हरेश, यातला तू कोणता?"

त्यानं बराच वेळ बघितलं. मंग बोट रडक्यावर ठेवलं. नि बोट काढेना.

"काय झालं रे?"

"बस."

"बस? काय झालं बसला?"

"गेली."

"बसमध्ये कोण होतं?"

"सगळे."

"आणि तू कुठे होतास?"

"मी नवरा." एवढं बोलला नि त्यानं मान खाली घातली. "बस गेली. मी नवरा. मला नाय नेला."

डॉक्टरीण हळूच बोलली, "तू नवरा, हे कोण बोललं तुला?"

"गंगाआत्यानं गायलं. माझं नाव घेतलं. बापसाचं घेतलं. सगळ्यांनी ऐकलं."

"गंगाआत्या कोण?"

आता मी काय करणार? हात वर केला. शाळेतल्या पोरीसारखा.

हरेशला बाहेर गोरखकडं बसवून तिनं आमाला सगळं इचारलं. मी सांगितलं. मला वाटलं वरडंल. वरडली असती तर बरं झालं असतं. बोलली, "आजी, तो वेडा झालेला नाही. तो मंद आहे म्हणूनही हे होत नाहीये. त्याला डिप्रेशन आलंय. तुमच्या गोरखचं लग्न हळदीच्या दुसऱ्या दिवशी मोडलं असतं, आणि त्याच मांडवात त्याच्या भावाचं लावलं असतं, तर त्याला काय झालं असतं?"

"दारू प्यायला असता. काय तरी करून घेतलं असतं."

"तेच. फक्त याला ते सांगता येत नाही, म्हणून मनगट चावतो. आणि आपण म्हणतो, यांच्यात असंच असतं."

मंग तिनं समजावलं. जुन्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या, नवीन एक सुरू करायची. कडी लावायची नाय. खुर्च्यांच्या कामाला परत न्यायचा, थोडं थोडं. दर मंगळवारी आणायचा. आणि सगळ्यात आधी, खरं सांगायचं. का हे लगीन तुझं नव्हतं, नि ते गाणं मस्करीचं होतं. साध्या शब्दांत, एकदाच नाय, इचारंल तेवढ्या वेळा.

"मी सांगू शकते," ती बोलली, "पण मला तो आज ओळखायला लागलाय. तो मानतो कोणाला?"

वेणूनं माझ्याकडं बघितलं.

"गुरुवारी सांगते," मी बोलले. गुरुवार चांगला वार.

गुरुवारी मी गेले. पेढे घेऊन गेले. हरेश भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उठला, नि इतक्या दिवसांत पयल्यांदा आपणहून बोलला. "आत्या, कदी?"

त्याचे डोळे बघून मी पेढ्यांचा पुडा सोडायला लागले. तुमी बोलाल दया आली. थोडी आली असंल. पण खरं सांगते, भीती जास्त होती. एकदा मी बोलले का धवला खोटा होता, तर मंग मी कोण? सीझन चालू होता, दारात माणसं येऊन सुपारी ठेवत होती. धवलारणीनं खोटं नाव घेतलं नि त्यानं माणूस बिघडला, हे गावात फिरलं असतं तर?

"पेढा खा," मी बोलले. नि घरी आले.

मंगळवारी डॉक्टरणीनं पयला प्रश्न मला केला. "आजी, सांगितलंत?"

"हो," मी बोलले.

"काय बोलला?"

"ऐकून घेतलं त्यानं."

तिनं तसं लिहून घेतलं. माझ्या समोर लिहिलं. वेणू खाली बघत होती, तिला ठाऊक होतं. मंग मंगळवारामागनं मंगळवार गेले. कडी काढली होती, लाळ थांबली होती, दोन घास जायला लागले होते. पण दारासमोर बसणं नाय सुटलं, चावणं नाय सुटलं. नि कसं सुटणार? त्याच्या डोक्यात अजून त्याची बस यायची होती. डॉक्टरीण बुचकळ्यात पडली. "खरं सांगूनही एवढं धरून बसलाय म्हणजे..." असं बोलून तिनं गोळी वाढवली. मी तिथंच बसले होते. माझ्या तोंडातलं एक वाक्य कमी होतं, नि ते तिनं गोळीनं भरून काढलं.

माधुरीला दिवस गेले. भरतनं मला बोलावून घेतलं. तो काय राक्षस नाय. बसला, रडकुंडीला आला. "आत्या, सगळं केलं ना? डॉक्टर केला, गोळ्या केल्या, समजावून सांगून झालं. तू स्वतः सांगितलंस. फरक हाय काय? उद्या लेकरू आलं नि यानं काय केलं तर? कर्जतकडं एक आश्रम हाय, असल्या बाप्यांचा. चांगला हाय, मी बघून आलो."

तेवा बोलायचं होतं. का मी सांगितलंच नाय, एक महिना थांब, मला सांगूदे. जिभेवर आलं होतं. भरत माझ्याकडं बघत होता, नि मी बोलले, "बघ बाबा, तुझं घर."

रविवारी सकाळी गाडी आली. हरेश उठेना. दोघांनी ओढला तरी नाय. शेवटी वेणू आली, त्याच्या कानाशी बसली नि बोलली, "चल राजा, लग्नाला जायचं."

तो उठला. आपलं आपण आंघोळ केली. नवीन शर्ट घातला, बटणं वरखाली लागली, वेणूनं नीट केली. गाडीत मागं बसला, ताठ. मी कुडाजवळ उभी होते. त्यानं काच खाली करायला लावली.

"आत्या, चल ना. धवला कोण गाणार?"

"तू हो पुढं," मी बोलले.

गाडी वळणावर गेली तरी वेणू हात वर करून उभी होती. मंग तिनं माझ्याकडं बघितलं. शिवी दिली नाय. घरात जाऊन तिनं आतून कडी लावली.

पुढचे दोन महिने मी लग्नं केली. गायले. गळा चालत होता. एक दिवस जेवताना गोरखला सगळं सांगून टाकलं, डॉक्टरणीशी खोटं बोलले ते पण. तो बराच वेळ भाकरी मोडत रायला. मंग बोलला, "आणूया आपल्याकडं? बोल. मी आत्ता जाऊन आणतो." सुनेचा हात तव्यावर थांबला. आमच्या दोन खोल्या, दोन नाती, त्यातली एक वयात येतेय. मी दोन्ही खोल्यांकडं बघितलं. गोरख वाट बघत होता. मी पाण्याचा तांब्या उचलला नि पाणी प्यायले. त्यानं परत इचारलं नाय.

पण दुसऱ्या रविवारी मी एकटी कर्जतला गेले. वेणूला इचारलं, ती बोलली, "माझ्यानं नाय बघवणार." आश्रम वाईट नव्हता, ते सांगितलं पायजे. झाडलोट होती, जेवण वेळेवर, कुणी मारत नव्हतं. तीस-बत्तीस बाप्ये, सगळ्यांचे केस एकाच मशीननं बारीक केलेले. हरेशला मी पयला ओळखलाच नाय. त्यानं ओळखलं. येऊन बाकड्यावर बसला. मनगटाला फडकं बांधलेलं.

"आत्या, नवरी आली?"

मी डबा खाली ठेवला. त्याचे दोन्ही हात धरले. "हरेश, ऐक. मी खोटं गायले."

त्यानं मान कलती केली.

"तुझं लगीन नव्हतं. कदीच नव्हतं. ते भरतचं होतं. मी मस्करी केली."

"कामोठ्याला?"

"कामोठ्याला पण."

"हळद?"

"ती पण मस्करी."

"भरतला पण मस्करी?"

"नाय रे. भरतचं खरं."

तो माझ्या तोंडाकडं बघत रायला. आत काय तरी एक एक करून ठेवत होता, सावकाश, एकाशेजारी एक. मंग बोलला, "नवरी?"

"नाय हाय."

"मेली?"

"नव्हतीच रे बाळा. कुणीच नव्हती."

तेवा तो रडला. मनगट नाय चावलं. डोकं नाय आपटलं. मोठ्या माणसानं माणूस गेल्यावर रडावं तसा, हंबरडा फोडून, तोंड उघडं टाकून. सहा वर्षांचं रडत होता. आवाज ऐकून तिथला कामगार धावत आला, मागनं दुसरा, हातात गोळीची वाटी. "चढलं वाटतं याला. बाई, सरका."

"काय चढलं नाय," मी मधी उभी रायले. "रडूद्या. त्याचं माणूस गेलंय."

"कोण गेलं?"

आता काय सांगू त्याला? बोलले, "बायको."

तो हसला. वाईट नाय हसला, जसं सगळे हसतात तसं. मी हसत आले तसं. "अहो, यांचं असंच असतं," बोलला, हरेशच्या गळ्यात हात टाकून गोळी तोंडात घातली नि त्याला आत घेऊन गेला.

मंगळवारी मी डॉक्टरणीकडं गेले, एकटी, पेशंट नसताना लाईनीत बसले. सगळं सांगितलं. कदी सांगायचं होतं, कदी सांगितलं. तिनं आधीचं लिहिलेलं शोधून त्यावर काट मारली. मंग कागद काढून लिहिला, का याला उपचाराला इथं आणा, गोळी कमी करायची, घरी ठेवता येण्यासारखा हाय. "आधी कळलं असतं तर," एवढंच बोलली, पुढचं गिळलं. कागद मी भरतच्या हातात दिला. त्यानं दोनदा वाचला. माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता थोबाडीत देतो. दिली नाय. "बाळंतपण होऊदे," बोलला, "मंग बघू." कागद त्याच्या शर्टच्या खिशात गेला. तेवा माधुरीला सातवा होता. आता लेकरू रांगतंय.

मी दर महिन्याला एका रविवारी जाते, भेटीचा वार तोच. हरेश आता चावत नाय, तिथले बोलतात चांगला सुधारलाय, शांत हाय. बाकड्यावर येऊन बसतो. डबा उघडून दिला की जेवतो, सगळं संपवतो, नळावर जाऊन डबा धुवून आणून देतो. काय इचारत नाय. मीच सांगत बसते, वेणूचे गुडघे, गोरखची रिक्षा, गावात कुणाचं काय. तो ऐकतो का नाय, कळत नाय.

गेल्या खेपेला मी बोलले, "हरेश, आत्याशी बोल की रे एक शब्द."

त्यानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता. नीट, समजून, मोठ्या माणसासारखं बघितलं.

"तू खोटं बोलतेस," बोलला, नि उठून आत गेला.